फोटोवर अभिप्राय घेताना आणि देताना: आधी काय, नंतर काय

उघड्यावर फोटो काढणारे पाच-सहा हौशी लोक जमतात, एकमेकांना फोटो दाखवतात आणि बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर सगळे सगळ्यांना 'मस्त' म्हणून मोकळे होतात, नाहीतर कोणीतरी दुखावतं आणि पुढच्या वेळी फिरकत नाही. दोन्हींच्या मुळाशी मला एकच चूक दिसत आली आहे. फोटो काढणाऱ्याला काय हवं होतं हे विचारायच्या आधीच काय चुकलं ते सांगून झालेलं असतं.

खालचे पहिले तीन टप्पे फोटो दाखवणाऱ्याने एकट्याने करायचे आहेत, मधले तीन पाहणाऱ्यांचे आणि शेवटचे दोन पुन्हा दाखवणाऱ्याचे. सगळीकडे कसोटी एकच ठेवा: हे ऐकून पुढच्या वेळी कॅमेरा हातात घेतल्यावर मी वेगळं काय करणार? ज्या अभिप्रायातून याचं उत्तर मिळत नाही, तो कितीही जाणकाराने दिलेला असला तरी बाजूला ठेवा.

टप्पा १: स्क्रीन आणि फाइल नीट करा

फोटो 'फार काळपट आहे' यावर दहा मिनिटं वाद होतो आणि मग कळतं की प्रत्येकाच्या स्क्रीनचा उजेड वेगळा होता. ही वेळ येऊ देऊ नका.

ज्या मॉनिटरवर तुम्ही फोटो घडवता, त्याचा ब्राइटनेस आधी तपासा. नवे मॉनिटर खोक्यातून येतात तेव्हा गरजेपेक्षा बरेच झगझगीत असतात. अशा स्क्रीनवर फोटो उजळ दिसतो, म्हणून आपण तो खाली ओढतो आणि दुसऱ्याकडे तो अंधारलेला पोचतो. कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्क्रीनचे रंग आणि उजेड मापून जुळवण्याचं यंत्र मिळत असेल तर ६५०० केल्विन (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजेड) आणि १०० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर एवढा उजेड ही नेहमीची मापं लावा. यंत्र नसेल तर निदान एवढं करा: खोलीत मध्यम उजेड ठेवा, मिट्ट अंधारात एडिटिंग करू नका, आणि डोळ्यांना आराम म्हणून रात्री स्क्रीन पिवळी करणारी सोय बंद करा. ती सोय सुरू असताना मी एकदा आख्खा धुक्याचा संच निळा करून ठेवला होता. सकाळी बघितलं तर धुकं गोठल्यासारखं दिसत होतं.

फाइल बाहेर काढताना रंगांची प्रोफाइल (फाइलमधला कोणता आकडा म्हणजे कोणता रंग याची नोंद) एसआरजीबी ठेवा. ॲडोबी आरजीबीत रंगांचा पल्ला मोठा असतो हे खरं, पण प्रोफाइल न वाचणाऱ्या ॲपमध्ये तोच फोटो फिका आणि मरगळलेला दिसतो. मग सगळे 'रंग कमी पडले' म्हणतात आणि तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करायला बसता. लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरते. फोकस किंवा बारकाव्यांबद्दल विचारायचं असेल तर त्या भागाचा १०० टक्के आकाराचा (फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर) तुकडा वेगळा कापून द्या. लहान केलेल्या फोटोवरून 'शार्प आहे का' हे कोणालाच सांगता येत नाही. लहान केल्यावर जवळजवळ सगळेच फोटो शार्प दिसतात.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि आकाशाच्या हलक्या छटांमध्ये पट्टे उमटू शकतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. पण इथेच एक धोका आहे.

सावधान: जशीच्या तशी गेलेल्या फाइलमध्ये जीपीएसची नोंदही जशीच्या तशी जाते. घरटं, दुर्मीळ वनस्पती, शिकारीचा धोका असलेला प्राणी, कोणाच्या घराजवळचा पाणवठा, असा फोटो असेल तर फाइल बाहेर काढतानाच ठिकाणाची नोंद पुसा. शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं होतं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), फोकल लेंग्थ (लेन्स किती जवळ ओढते) या नोंदी मात्र राहू द्या, अभिप्रायाला त्या लागतात. मागे ओळखू येणारा कडा किंवा पाटी दिसत असेल तर नोंद पुसूनही ठिकाण लपत नाही, हेही ध्यानात असू द्या.

टप्पा २: एकच फोटो निवडा, आणि तो सर्वात चांगला नको

बारा फोटो पुढे टाकून 'कसे वाटले?' विचारलं तर 'तिसरा आणि सातवा आवडला' यापलीकडे काही हाती लागत नाही. एका बैठकीला एक फोटो न्या, फार तर दोन.

कोणता? जो तुम्हाला जवळजवळ जमला आहे, पण काहीतरी खटकतं आणि ते काय हे कळत नाही, तो. आपला सर्वोत्तम फोटो घेऊन जाणाऱ्याला खरं तर शाबासकी हवी असते. त्यात गैर काही नाही, पण मग तसं स्पष्ट सांगून दाखवा, अभिप्राय मागू नका. उलट, उघड फसलेला फोटो नेला तर पहिल्याच वाक्यात विषय संपतो.

निवडलेल्या फोटोवर घरच्या घरी तीन चाचण्या करा. तिन्हींना मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

- फोटो नखाएवढा लहान करून बघा. विषय कुठे आहे ते अजून कळतं का? कळत नसेल तर उजेडाची मांडणी कच्ची आहे.
- फोटो आडवा उलटा करा, आरशात दिसतो तसा. सवयीने न दिसणारा कललेला तोल आणि एका बाजूला पडलेलं वजन लगेच उघडं पडतं.
- १०० टक्के आकारात चारही कडांवरून नजर फिरवा. आत घुसलेली फांदी, अर्धवट कापलेला दगड, कोपऱ्यातला पांढरा ठिपका, आकाशातले सेन्सरवरच्या धुळीचे डाग. हे डाग एफ ११ च्या पुढे लहान ॲपर्चरला ठळक होतात (एफचा आकडा मोठा, तेवढं लेन्सचं तोंड लहान).

तपासा: क्षितिज सरळ आहे का? पाण्याचं क्षितिज एक अंशानेही कललेलं असलं तर सहा जणांपैकी निदान तिघे तेवढंच सांगतील आणि तुमची बैठक त्यातच जाईल. जे तुम्हाला स्वतःला दिसतं, ते दुरुस्त करूनच जा.

टप्पा ३: प्रश्न लिहून न्या

सर्वाधिक वगळला जाणारा टप्पा हाच, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचाही हाच. 'कसा आहे?' हा प्रश्न नाही. तीन ओळी लिहा.

पहिली ओळ: मला काय दाखवायचं होतं. 'वादळ येण्याआधीची शांतता', 'या पक्ष्याची पाण्यावर झेपावण्याआधीची ताठर मान', असं ठोस. 'निसर्गाचं सौंदर्य' असं लिहिलंत तर तुम्हालाच अजून ते ठाऊक नाही.

दुसरी ओळ: तिथे काय अडचण होती आणि मी काय करून पाहिलं. 'वारा जोरात होता म्हणून शटर १/२५० सेकंद ठेवलं, त्यापायी आयएसओ १६०० पर्यंत गेला.' हे कळलं की 'आयएसओ कमी ठेवायला हवा होता' हा फुकटचा सल्ला टळतो.

तिसरी ओळ: एकच नेमका प्रश्न. 'पुढचा खडक नजर आत नेतो की अडवतो?' 'सावल्या एवढ्या गडद ठेवल्या ते जमलं का?'

आता या ओळी घडी घालून खिशात ठेवा. आधी फोटो नुसता दाखवायचा, ओळी नंतर वाचायच्या. कारण टप्पा ४ मध्ये आहे.

नेहमीची चूक: फोटोआधी कहाणी सांगणं. पहाटे तीनला उठलो, चार तास चढलो, पाय घसरला, बॅटरी संपत आली होती. ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं आणि ते कौतुक फोटोला चिकटतं. कष्ट फ्रेममध्ये दिसत नाहीत. तुम्हाला स्वतःला ते दिसतात, म्हणूनच तर दुसऱ्याची नजर लागते. याच कारणाने फोटो काढल्या दिवशीच दाखवू नये. आठवडाभर पडू द्या, चढणीचा शीण उतरला की फोटो थोडा परका दिसू लागतो.

टप्पा ४: पाहणाऱ्यांनी एक मिनिट गप्प बसावं

खरंच एक मिनिट, घड्याळ लावून. पहिल्या दहा सेकंदांत जे सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं. क्षितिज, रंग, 'तृतीयांशाचा नियम' (विषय मधोमध नको, फ्रेमच्या एक तृतीयांशावर हवा). फोटोत मुरलेल्या गोष्टी अर्ध्या मिनिटानंतर दिसायला लागतात. या मिनिटात प्रत्येकाने कागदावर तीन गोष्टी टिपाव्यात:

- माझी नजर आधी कुठे गेली, मग कुठे, आणि कुठून बाहेर पडली
- फोटो बघून काय वाटलं, एका शब्दात
- कशाचा अर्थ लागला नाही

मग गोलाने प्रत्येकाने आपापलं टिपण वाचावं. अजून 'चांगलं', 'वाईट' हे शब्द नकोत, फक्त काय दिसलं ते. फोटो काढणाऱ्याने या वेळी तोंड उघडायचं नाही. सहापैकी पाच जणांची नजर डावीकडच्या उजळ दगडावर आधी गेली आणि फोटोचा विषय उजवीकडचं हरीण असेल, तर सर्वात मोठा अभिप्राय तिथेच मिळाला, तोही कोणी एक शब्द नावं न ठेवता. लिहूनच ठेवायचं ते यासाठी की पहिला जे बोलतो तेच बाकीच्यांना दिसू लागतं. आणि गटातला सर्वात अनुभवी माणूस शेवटी बोलेल असा नियम घालून टाका.

यानंतर खिशातला कागद काढा आणि तीन ओळी वाचा. जे दाखवायचं होतं आणि जे दिसलं, यांत अंतर किती, एवढंच आता बोलायचं आहे.

टप्पा ५: दोष शोधण्याचा क्रम

बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात: नॉइज (वाढत्या आयएसओबरोबर दिसणारे दाणे), शार्पनेस, रंग. बदलायला सर्वात सोप्या गोष्टी आधी आणि फोटो ज्यावर उभा असतो त्या गोष्टी शेवटी, किंवा कधीच नाही. खालचा क्रम धरा.

पहिला, उजेड. तो कुठून येतोय, कडक आहे की मऊ, विषयावर पडतोय की विषयाला टाळून शेजारी. उजेडच चुकीच्या जागी असेल तर पुढचं सगळं बोलणं तपशिलाचं ठरतं. अभिप्रायही मग सरळ असतो: वेगळ्या वेळी परत जा, किंवा त्याच वेळी बाजू बदल. डोक्यावरच्या सूर्यात काढलेल्या दरीच्या फोटोला एडिटिंगने संध्याकाळ करता येत नाही. सावल्यांची लांबी खोटं बोलत नाही.

दुसरा, जागा आणि मांडणी. इथे 'फोटो काढणारा कुठे उभा होता' हा एकच प्रश्न बहुतेक सगळं उलगडतो. पक्ष्याच्या डोक्यातून फांदी उगवल्यासारखी दिसते? अर्धा फूट डावीकडे सरकायला हवं होतं. पाणपक्षी चिखलाच्या रंगात हरवलाय? कॅमेरा जमिनीलगत नेला असता तर मागचा चिखल दूर जाऊन धूसर झाला असता. पर्वताची रेघ झाडाच्या शेंड्याला नेमकी चिकटली आहे? दोन पावलं मागे, किंवा थोडं उंचावर. कडा इथेच तपासा. तृतीयांशाचा नियम मात्र इथे कायद्यासारखा वापरू नका. 'विषय मधोमध आहे' हा दोष नाही. मधोमध असल्यामुळे काय बिघडलं ते सांगता आलं तरच ते बोला.

तिसरा, क्षण. लाट, मान, पंख, ढगातली फट. यावर फार बोलू नका, क्षण परत येत नाही. उपयोगी प्रश्न एकच: त्याच्या आधीची आणि नंतरची फ्रेम आहे का? पुष्कळदा असते, आणि तीच चांगली असते.

चौथा, तांत्रिक बाजू. इथे थोडं थांबू, कारण सर्वात जास्त चुकीचं निदान इथे होतं. 'फोटो शार्प नाही' हे निदान नव्हेच, तक्रार आहे. शार्प नसण्याची निदान सहा कारणं आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. १०० टक्क्यांचा तुकडा समोर घ्या.

- सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतं, उजेडाच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्यात: कॅमेरा हलला. हातात धरून काढताना शटर निदान फोकल लेंग्थच्या उलट ठेवायचं, म्हणजे २०० मिमीला १/२०० किंवा त्याहून वेगवान. स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर त्यात सूट मिळते.
- मागची झाडं धारदार, पक्षी मात्र ओघळलेला: विषय हलला. स्टॅबिलायझेशन इथे काहीच करत नाही. उडत्या पक्ष्याला १/१६०० पासून पुढे जावं लागतं, लहान चपळ पक्ष्याला त्याहूनही.
- विषय मऊ, पण त्याच्या पुढचं गवत किंवा मागचं पान धारदार: फोकस चुकला. ट्रायपॉड घेऊन जा असा सल्ला इथे देणारे भेटतात. ट्रायपॉडवर चुकीचा फोकस अधिक स्थिरपणे चुकतो, एवढंच.
- काठापासून काठापर्यंत सगळं थोडं थोडं मऊ, ॲपर्चर एफ २२: डिफ्रॅक्शन, म्हणजे फार लहान तोंडातून जाताना उजेड पसरतो. एफ ८ ते एफ ११ ला काढून बघा. पुढचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही हवे असतील तर वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडा.
- लांब लेन्स, दूरचा प्राणी, तापलेली जमीन, कडा वितळल्यासारख्या: हवा थरथरत होती. यावर कोणतंही सेटिंग नाही. जवळून, किंवा जमीन तापायच्या आत सकाळी.
- पिसं आणि दगड मेणासारखे गुळगुळीत: फोटो शार्प होता, नॉइज काढताना पुसला गेला.

एक्स्पोजरबद्दलही असंच नेमकं बोला. 'हायलाइट गेले' (सर्वात उजळ भागांतला तपशील गेला) असं म्हणण्याआधी कुठले गेले ते बघा. सूर्याचं बिंब पांढरं असणारच. ढगाची सगळी वळणं पांढऱ्या ठिगळात गेली असतील तर तो दोष. लाल फुलात तिन्ही चॅनेल (लाल, हिरवा, निळा) मिळून ठीक दिसतात, पण एकटा लाल चॅनेल टोकाला आपटलेला असतो आणि पाकळीच्या शिरा गायब होतात, म्हणून हिस्टोग्रॅम (फोटोत कुठला उजेड किती आहे याचा आलेख) रंगांसह बघायला सांगा. आणखी एक: कॅमेऱ्याच्या पाठीवरचा हिस्टोग्रॅम रॉ मध्ये (सेन्सरची न घडवलेली फाइल) काढतानाही सहसा जेपेगवरूनच (कॅमेऱ्याने घडवून दाबलेली फाइल) मोजलेला असतो. त्यामुळे तिथे 'जळलेलं' दिसलेलं पुष्कळदा रॉ मध्ये शिल्लक असतं.

पाचवा, एडिटिंग. चार खुणा शोधा. डोंगर आणि आकाश यांच्या मधली उजळ किनार, ती क्लॅरिटी (मधल्या छटांचा उठाव वाढवणारा स्लायडर) किंवा शार्पनिंग जास्त झाल्याची. सावल्या एवढ्या उचललेल्या की उजेड कुठून येतो तेच कळेना. हिरवा रंग, जो खऱ्या गवतात कधीच एवढा एकसारखा नसतो. आणि निळ्या आकाशात मधोमध गडद पट्टा. हा शेवटचा मात्र एडिटिंगचा नसून पोलरायझरचा (चकाकी कमी करून आकाश गडद करणाऱ्या फिल्टरचा) असतो: सूर्यापासून ९० अंशांवर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो, वाइड लेन्समध्ये आकाशाचा मोठा तुकडा येतो, म्हणून एक भाग गडद आणि बाजू फिक्या राहतात. निदान चुकलं तर माणूस घरी जाऊन स्लायडर हलवत बसतो, फिल्टर मात्र तसाच राहतो.

तपासा: तुमच्या प्रत्येक मुद्द्याला तीनपैकी एक खूण लावा. 'एडिटमध्ये सुधारेल', 'पुढच्या वेळी जागेवर सुधारेल', 'सुधारणार नाही, सोडून दे'. खूण लावता येत नसेल तर मुद्दा अजून कच्चा आहे, बोलू नका.

टप्पा ६: तोंडातून काढण्याआधी वाक्य घडवा

वाक्यात तीन गोष्टी हव्यात: फोटोतली जागा, तिथे काय होतंय, आणि काय करता येईल. या तिन्हींमुळे बोलणं माणसावरून फोटोवर येतं, वेगळा गोडवा घालावा लागत नाही.

'कॉम्पोझिशन वीक आहे' असं म्हणण्याऐवजी: 'खालच्या उजव्या कोपऱ्यातला उजळ दगड नजर बाहेर ओढतो. तो क्रॉप केला तर ओढ्याचं वळण पुरतं का, बघ.'

'रंग फारच भडक' असं म्हणण्याऐवजी: 'नारंगी रंग ढगांइतकाच सावलीतल्या खडकांवरही आहे. सावलीत तो कमी केलास तर ढग जास्त पेटतील असं मला वाटतं.'

'ठीक आहे, पण काहीतरी कमी आहे' यावर उपाय नाही. ते मनातच ठेवा.

कौतुकालाही हाच नियम. 'मस्त!' ऐकून बरं वाटतं, पण काय पुन्हा करायचं ते कळत नाही. 'धुक्याच्या दोन थरांमध्ये एकच झाड ठेवलंस, त्यामुळे अंतर कळतं' हे ऐकलेला माणूस पुढच्या धुक्यात एकच झाड शोधेल. जमलेली गोष्ट आधी सांगा, कारण ती सांगितली नाही तर माणूस दुरुस्तीच्या भरात तीच काढून टाकतो. हे माझ्या बाबतीत घडलं आहे. एका बैठकीनंतर मी फोटोतला सगळा अंधार उजळून टाकला, आणि दुसऱ्या बैठकीत कळलं की तो अंधारच सगळ्यांना आवडला होता, कोणी बोललं नव्हतं एवढंच.

'मी असतो तर' ने सुरू होणारी वाक्यं कमी करा. तुम्ही नव्हता. तुम्हाला वाइड लेन्स आवडते म्हणून त्याचा टेली (लांब लेन्सने काढलेला) फोटो चुकत नाही. ज्याला एकटेपणा दाखवायचा होता, त्याला 'फ्रेममध्ये माणूस हवा होता' असं सांगणं म्हणजे त्याच्या फोटोऐवजी आपला फोटो मागणं.

एका फोटोवर तीन मुद्दे पुरेत, तेही टप्पा ५ च्या क्रमातले वरचे तीन. उजेड चुकला असेल तर धुळीचे डाग मोजत बसू नका. वेळही बांधून घ्या, एका फोटोला आठ-दहा मिनिटं. त्यानंतरची चर्चा बहुतेक वेळा लेन्सवर घसरते.

सावधान: दुसऱ्याच्या फोटोवर एडिट करून दाखवायचं असेल तर आधी विचारा. 'हो' म्हटलं तर प्रतीवर करा, दाखवा आणि प्रत पुसा. ती पुढे पाठवू नका. फोटो ज्याचा, हक्क त्याचा, गट कितीही घरोब्याचा असला तरी.

सावधान: फोटो घरट्यावर फार जवळून काढलेला दिसतोय, पिल्लं उघडी पडावीत म्हणून फांद्या बाजूला केल्यात, प्राणी भेदरून पळताना टिपलाय, तर तांत्रिक मुद्द्यांकडे वळूच नका. आधी तेच विचारा, शक्य असेल तर एकट्याला गाठून. अशा फोटोला मिळालेली एक 'वा!' आणखी चार जणांना त्याच घरट्यापाशी नेते.

टप्पा ७: ऐकताना खुलासा करू नका

आता पुन्हा फोटो दाखवणाऱ्याकडे. पेन हातात घ्या, कारण लिहिणारा माणूस बोलत नाही. 'हो, पण तिथे मागे विहीर होती' हे वाक्य जिभेवर येईल तेव्हा गिळा. ते खरंही असेल. पण पाहणाऱ्याला विहीर दिसत नाही, त्याला गर्दी झालेली फ्रेम दिसते. विचारायचे असतील तर फक्त उलगडा करणारे प्रश्न विचारा: 'कोणत्या भागात?', 'जास्त म्हणजे किती?'

जे ऐकलं ते दोन दिवस बाजूला ठेवा. मग तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात दोघा-तिघांनी एकमेकांचं न ऐकता सांगितलेलं. इथे तुमचा अहंकार काहीही म्हणो, करून बघा. लोक उपाय चुकीचा सांगतील, पण सगळ्यांचं बोट एकाच जागेवर पडत असेल तर जागा बरोबर असते.

दुसऱ्या ढिगात एकट्याने सांगितलेलं, पण ऐकताच आत कुठेतरी पटलेलं. हेही करा.

तिसऱ्यात बाकीचं. यातलं बरंचसं सांगणाऱ्याच्या आवडीचं असतं. ते फेकायला लाजू नका. सगळ्या सूचना पाळलेला फोटो कोणाचाच राहत नाही, मी असे चार-पाच करून बसलो आहे.

टप्पा ८: रॉ फाइलपासून पुन्हा, आणि मग जागेवर

दुरुस्ती जुन्या जेपेगवर करू नका. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉ मध्ये १६,३८४. सावली उचलताना हा फरक पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. शिवाय प्रत्येक वेळी जतन करताना जेपेग आणखी थोडं गमावतं. रॉ फाइलची नवी आभासी प्रत (फाइल तीच, एडिटिंगची नोंद वेगळी) करा, सगळी सेटिंग शून्यावर आणा आणि पहिल्या ढिगातला एकच मुद्दा धरून नव्याने घडवा. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवा, एक दिवस जाऊ द्या, मग बघा. जुनीच बरी वाटली तर जुनीच ठेवा.

'जागेवर सुधारेल' अशी खूण लागलेले मुद्दे कार्डावर उतरवून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा. फार तर तीन ओळी. माझ्या कार्डावर बराच काळ 'कडा बघ. खाली बस. थांब.' एवढंच होतं, आणि 'थांब' अजून खोडलेलं नाही.

चार-पाच बैठकांनंतर वहीतले सगळे अभिप्राय एका दमात वाचा. फोटो बदललेले असतात, तक्रार तीच असते: दर वेळी खालचा कोपरा, दर वेळी एक स्टॉप (निम्मा उजेड) कमी एक्स्पोजर, दर वेळी विषय जरा दूर. अशी एक सापडली की पुढचा महिना फक्त तिच्यावर काढा. आणि पुढच्या बैठकीला ज्यांनी तो मुद्दा सांगितला होता, त्यांना जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून दाखवा. आपण सांगितलेल्याचं काय झालं हे अभिप्राय देणाऱ्याला सहसा कधीच कळत नाही. ते कळलं की तो पुढचा फोटो अधिक वेळ देऊन बघतो.